तालुक्याच्या गावात सर्जन म्हणून रुजायचं असेल तर

पाटी लावायची घाई करू नका. आधी सहा आठवडे गावात नुसतं राहा. भाजी आणा, एसटीने आसपासच्या खेड्यांत जा, आठवडी बाजारात फिरा. मी १९९४ च्या जूनमध्ये वाईला आले तेव्हा हे आपोआपच घडलं, कारण दवाखान्याच्या जागेचं काम रखडलं होतं. नवऱ्याला इथल्या कॉलेजात गणित शिकवायची नोकरी लागली होती आणि मी एमएस होऊन हातावर हात ठेवून बसले होते. मधल्या आळीत भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. रोज सकाळी घाटावर जायचं आणि येताना कुठल्या तरी एका माणसाशी बोलून यायचं, एवढंच काम मी लावून घेतलं. त्या सहा आठवड्यांत जे कळलं ते पुढे तीस वर्षं पुरलं.

कुणाकुणाला भेटायचं ते सांगते. आसपासच्या प्रत्येक गावातल्या फॅमिली डॉक्टरला त्यांच्या दवाखान्यात जाऊन भेटा. त्यांची पदवी बीएएमएस आहे की बीएचएमएस, याने फरक पडू देऊ नका. पोटात दुखणारा माणूस आधी त्यांच्याकडे जातो आणि अपेंडिक्स फुटायच्या आत तो तुमच्यापर्यंत पोचणार की नाही, हे ते ठरवतात. मेडिकलवाले, लॅबवाला, एक्स-रेवाला, साखर कारखान्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर यांना भेटा. आणि जीपवाल्यांना विसरू नका. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ ला आली. त्याआधी रात्री दोन वाजता पेशंट आणायचा तो वडाप चालवणाऱ्या पोरांनी. त्यांच्यातल्या चौघांना मी तेव्हाच शिकवलं की मानेला मार असेल तर माणसाला दुमडून मागच्या सीटवर कोंबायचं नाही, फळीवर घ्यायचं. त्यातला एक आज स्वतःची गाडी घेऊन पुण्याला जातो, पण अजून त्याच्या गाडीत एक फळी असते.

जखमांचं पंचांग

प्रत्येक गावाला त्याच्या जखमांचं पंचांग असतं. पुस्तकात ते सापडत नाही, स्वतः मांडावं लागतं. माझं सांगते, म्हणजे तुमचं कसं मांडायचं याचा अंदाज येईल.

दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. कोयता उजव्या हातात, ऊस डाव्या हातात, म्हणून जखम डाव्या हाताला, बहुतेक वेळा तर्जनीला किंवा अंगठ्याला. जखम अर्ध्या इंचाची असते, आणि तिथेच नवा सर्जन फसतो. मनगटाखालची कुठलीही जखम लहान समजू नका. प्रत्येक बोट वाकवून, सरळ करून बघा. बधिर करायचं इंजेक्शन देण्याआधी टोकाचा स्पर्श तपासा, कारण नंतर तपासून काही कळत नाही. नस तुटलीय हे तीन महिन्यांनी लक्षात आलं तर त्या बाईचा हंगाम गेलेला असतो, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर तशीच असते. मी दर हंगामाच्या सुरुवातीला टोळ्यांच्या मुकादमांना एक कागद देते. बोट तुटून पडलं तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फाला बोट थेट लागू द्यायचं नाही. आणि हळद भरायची नाही. कागद मोठ्या अक्षरात आहे आणि त्यावर चित्रं आहेत, कारण वाचणारा माणूस त्या वेळी फडात असेलच असं नाही.

त्याच दिवसांत गुऱ्हाळं पेटतात आणि पाठोपाठ हळद शिजवायच्या काहिली. पाण्याने भाजलं तर पाणी ओघळून जातं, पण गुळाचा पाक अंगाला चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. तो ओढून काढायचा नाही. वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं. बर्फ नको, शाई नको, टूथपेस्ट नको. हे सांगायला मी दवाखान्यात थांबत नाही. जानेवारीत एक रविवार काढून गुऱ्हाळांवर जाते, काकवी खाते आणि सांगून येते. ज्या गुऱ्हाळावर पाण्याचा पाइप काहिलीच्या जवळ आहे तिथली भाजलेली माणसं माझ्याकडे लवकर बरी होऊन जातात.

रंगपंचमीला बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच खांबाला टांगून नेणारा लाकडी गाडा. सोनेश्वरावरून बावधनपर्यंत बैलांच्या जोड्या लावून ते ओढत नेतात आणि माणसांची ही गर्दी असते. त्या दिवशी मी ठरवलेलं एकही ऑपरेशन घेत नाही. टेबल रिकामं, प्लास्टरचं सामान बाहेर, दोन सिस्टर जास्त. बगाडाच्या वाटेवरच्या गावांत माझं कुणीतरी उभं असतं. हे मी वहीत लिहून ठेवलेलं आहे आणि ती वही दरवर्षी फाल्गुनात उघडते.

बैलाचं शिंग लागलेली माणसं बेंदूर या बैलांच्या सणाच्या सुमाराला येतात. बैलगाडा शर्यतींचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ ला कायम ठेवला, तेव्हापासून वर्षभर केव्हाही येऊ शकतात. शिंगाची जखम बाहेरून रुपयाएवढी दिसते, पण बैलाने मान फिरवलेली असते. आत शिंग कुठवर आणि किती दिशांना गेलं, हे बोट घालून कळत नाही. भूल देऊन शेवटपर्यंत उघडून बघा, भरपूर धुवा आणि वरचं तोंड घट्ट शिवून बंद करू नका. माझ्या पहिल्याच वर्षी मांडीला शिंग लागलेला एक मुलगा आला. मी वरवर धुऊन सुंदर टाके घातले. पाचव्या दिवशी आतून अर्धी वाटी पू निघाला, शेणाच्या काडीसकट. मुलगा वाचला, पण त्याला सहा आठवडे पडून राहावं लागलं आणि त्या वर्षी त्याची दहावी बुडाली. ते टाके मला अजून दिसतात.

पावसाळ्यात साप. हे काम फिजिशियनचं, पण तुम्ही सर्जन आहात म्हणून नातेवाईक तुम्हालाच म्हणतील, "बाई, चीर द्या, विष जाऊ द्या." देऊ नका. प्रतिसर्प लस लावा, हात किंवा पाय हलू देऊ नका आणि घोणस चावली असेल तर रक्त गोठतंय का ते काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून बघा. रक्त गोठत नसताना दिलेली चीर माणसाचा जीव घेते.

असं पंचांग मांडलं की सुट्टी कधी घ्यायची तेही कळतं. मी मे महिन्याच्या मध्यावर घेते.

शब्द

वाईला विश्वकोशाचं कार्यालय आहे आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, याचा मला फार अभिमान. त्या अभिमानापोटी मी पहिलं संमतिपत्रक शुद्ध मराठीत लिहून घेतलं. वंक्षण, अंत्रवृद्धी, संज्ञाहरण. पहिल्या आजोबांनी ते वाचायला घेतलं आणि कागद मला परत दिला, "तुमी सांगा, म्या आंगठा देतो." ते पत्रक मी त्याच दिवशी बाजूला ठेवलं. आता लिहिते ते असं: आंतरगळ (हर्निया), पित्ताचे खडे, मूळव्याध, भगंदर, आतड्याला पीळ. भूल कशी देणार, तर कमरेत इंजेक्शन देऊन अर्ध्या अंगाला, किंवा झोपवून पूर्ण. काय बिघडू शकतं, हेही त्याच भाषेत. अंगठा द्यायच्या आधी पेशंटने ते मला उलटं सांगायचं. त्याला सांगता आलं नाही, तर मी नीट सांगितलेलं नाही असं समजते.

ऑपरेशननंतर रोज विचारायचं, "वारा सरला का?" हा प्रश्न मोठ्या आवाजात, सगळ्या वॉर्डासमोर विचारू नका. बायकांना तर मुळीच नको, जवळ जाऊन विचारा. कागदावर मूळव्याध लिहिलं तरी बोलताना इथे कुणी मूळव्याध म्हणत नाही, "अवघड जागेचं दुखणं" म्हणतात. तपासायच्या खोलीचं दार लागलेलं आहे, पडदा ओढलेला आहे आणि बाहेर गावातलं कुणी ऐकत नाही, एवढी खात्री पटली की माणूस नीट सांगतो. आमच्या दवाखान्याच्या तीन खोल्यांतली सगळ्यात जाड भिंत मी त्या खोलीला घातली.

आणि पथ्य. "पथ्य काही नाही, सगळं खा," हे उत्तर गावात देऊ नका. माणसाला वाटतं, बाईंनी लक्षच दिलं नाही. मग शेजारीण सांगते की भाताने पू धरतो, वांगं वातूळ, केळं थंड, आणि ऑपरेशन झालेला माणूस पंधरा दिवस कोरड्या भाकरीवर राहतो. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून मी पथ्य लिहून देते: रोज दोन अंडी, नाहीतर दोन वाट्या घट्ट वरण, मटकी, ताक. वर्ज्य: तंबाखू, मिश्री, विडी. भात चालेल, हे शेवटी ठळक. लोक हे पथ्य काटेकोर पाळतात.

माझ्यासारखी बाई सर्जन असेल तर आणखी एक. पहिली दोन-तीन वर्षं प्रत्येक नव्या घरातून विचारणा व्हायची, "ऑपरेशनला सायेब कवा येणार?" तेव्हा रागावू नका. "ऑपरेशन मीच करणार," असं सांगा आणि मग काय काय करणार ते एकेक पायरी सांगत जा. तिसऱ्या पायरीपर्यंत शंका गेलेली असते. वॉर्डातल्या मावशींना मी सांगून ठेवलं होतं की उत्तर तुम्ही द्यायचं नाही, मला बोलवायचं.

काय करायचं नाही ते भिंतीवर लिहा

माझ्या ऑपरेशन थिएटरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक यादी आहे. त्यात मी इथे काय करत नाही ते आहे. १९९७ साली पित्ताचे खडे आणि कावीळ असलेली एक बाई आली. पित्तनलिकेत खडा अडकला होता. तिला पुण्याला पाठवायला हवं होतं. घरचे म्हणाले, "तुमीच करा, तुमच्यावर भरवसा हाय." मी त्या भरवशाला भुलले. साडेपाच तास लागले, हाताखाली दुसरा सर्जन नाही, रक्त साताऱ्याहून यायचं, ते पस्तीस किलोमीटरवर. बाई बरी झाली. पण तिसऱ्या तासाला मला जे कळलं होतं ते पहिल्या मिनिटाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी यादी लिहिली. भरवसा हे ऑपरेशन करायचं कारण असू शकत नाही.

यादीची दुसरी बाजूही हवी. जे गावातच व्हायला हवं, ते टाळू नका. लॅन्सेटच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ साली तीन ऑपरेशनं मोजमाप म्हणून धरली: सिझेरियन, पोट उघडणं आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरचे उपचार. ही तिन्ही माणसाला दोन तासांच्या आत मिळायला हवीत. वाटेवरच्या खंबाटकी घाटात ट्रक आडवा झाला की पुणं दोन तासांत गाठता येत नाही. म्हणून ही तीन मी कधीही परत पाठवत नाही. सिझेरियनला गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ, हाडाला हाडाचे डॉक्टर, आणि रात्री कुणाचाही फोन कुणीही उचलायचा, असं आम्ही ठरवून घेतलंय. स्पर्धा दिवसा.

पाठवायचं झालं तर स्वतः फोन करा. समोरच्या सर्जनशी बोला, खाट आहे का विचारा, काय दिलं आणि किती वाजता ते कागदावर लिहा, आणि पेशंट पोचल्यावर पुन्हा फोन करा. नुसती चिठ्ठी देऊन वाटेला लावलेला पेशंट शहरात तीन दवाखान्यांची दारं हिंडतो.

भूलतज्ज्ञांबद्दल थोडं. सुरुवातीची अकरा वर्षं आमचे भूलतज्ज्ञ साताऱ्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. पावसात, एम-८० दुचाकीवर. मी त्यांच्यासाठी कोरडे कपडे आणि गरम पिठलं-भाकरी ठेवायची, आणि त्यांचं मानधन पेशंटने दिलं असो वा नसो, त्याच दिवशी द्यायची. त्यांनी एकदा "आज नको" म्हटलं की वाद घालायचा नाही, एवढाच नियम.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी-यादी २००८ साली आली. एकोणीस मुद्दे आहेत. मी ती मराठीत करून घेतली आणि मोठ्याने वाचायचं काम थिएटरच्या मावशींना दिलं. "नाव काय, ऑपरेशन कुठलं, बाजू कुठली." २०११ साली मी डाव्या आंतरगळाच्या पेशंटच्या उजव्या बाजूला उभी राहून हात पुढे केला होता. मावशी म्हणाल्या, "बाई, थांबा. कागदावर डावी हाय." मी थांबले. तुमच्या थिएटरात सर्वात कमी पगार असलेल्या माणसाला "थांबा" म्हणता आलं पाहिजे. तसं नसेल तर यादी भिंतीवर लावून उपयोग नाही.

रक्त आणि पैसे

रक्ताची गोष्ट गावाच्या हातात असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या जानेवारीत निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. ते योग्यच झालं, पण लहान गावांना स्वतःचे दाते उभे करावे लागले. मी तालमीतल्या पोरांची आणि भजनी मंडळांची रक्तगटाची वही केली. मंडळांना एकच विनंती करते: सगळी शिबिरं एकाच पुढाऱ्याच्या वाढदिवसाला घेऊ नका. रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीच्या पिशवीत पस्तीस दिवस टिकतात. एका दिवशी तीनशे पिशव्या जमा होतात आणि मे महिन्यात एक मिळत नाही. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बाईला चार. म्हणून आमच्याकडे आता महिने वाटून दिलेत. मे महिना एका मंडळाने मागून घेतला, कारण त्यांचा एक मुलगा मे महिन्यातच रक्ताअभावी गेला होता.

पैशांचं थोडक्यात. अंदाज आधी, लेखी द्या आणि बिल त्याच्या वर जाऊ देऊ नका. खर्च वाढला तर तुमचा अंदाज चुकला. उधारीची वही ठेवा, पण ती कुणाच्या देखत उघडू नका. इंद्रायणीचा तांदूळ, स्ट्रॉबेरी, घरचं तूप घ्या, कारण नाकारलं तर घर दुखावतं. पण ते बिलात वळतं करू नका. आणि साहित्य स्वस्त कसं पडेल याचा विचार करणं तुमचं काम आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी आंतरगळाच्या ऑपरेशनात आत बसवायच्या महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरलं. अनेक ठिकाणच्या सर्जनांनी मिळून केलेला तो अभ्यास २००३ साली इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत आला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली आणि २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आलं की स्वस्त जाळी महागडीइतकीच चांगली ठरली. तालुक्याच्या गावातून असं काम उभं राहतं, हे मला तरुणपणी फार बळ देऊन गेलं. मात्र मनाने प्रयोग करू नका. त्यांनी जसं नोंदी ठेवून, मोजून, छापून केलं, तसं करा.

छंद

छंद रिकाम्या वेळेसाठी ठेवाल तर तो कधीच सुरू होणार नाही. लहान गावात सर्जनला रिकामा वेळ नसतो, नुसता फोन न वाजलेला वेळ असतो. म्हणून छंद निवडताना मी चार गोष्टी बघायला सांगते. तो अर्ध्यात टाकून उठता आला पाहिजे. त्याने हाताला इजा होता कामा नये. तो डॉक्टरांव्यतिरिक्त इतरांबरोबर करायचा असावा. आणि त्यात तुम्ही शिष्य असायला हवं.

ही चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गावात सर्जनला दिवसभर कुणी चूक दाखवत नाही. वॉर्डात सगळे उठून उभे राहतात, बँकेत रांग मोडून पुढे घेतात, लग्नात पहिल्या ओळीत बसवतात. पाच-सात वर्षांत हे अंगात भिनतं आणि मग थिएटरात मावशींनी "थांबा" म्हटलेलं ऐकू येत नाही. जिथे रोज कुणीतरी तुमचं चुकलं म्हणून सांगतं अशी एक जागा आठवड्यातून दोनदा तरी हवी.

माझी जागा पखवाजाची. १९९८ साली भुईंजकडच्या एका खेड्यातल्या बुवांचं आंतरगळाचं ऑपरेशन केलं. टाके काढायला आले तेव्हा त्यांना एकच काळजी होती, पखवाज गळ्यात अडकवून उभं कधी राहता येईल. मी म्हटलं, दीड महिना नाही. ते म्हणाले, "मग तोवर बसून शिकवतो. कुणाला शिकायचं असंल तर धाडा." मी स्वतःच गेले. बायांनी पखवाज शिकावा का, यावर त्यांच्या भजनी मंडळात दोन एकादश्या चर्चा चालली. बुवांनी ती एका वाक्यात संपवली, "ज्या हातानं माझं पोट शिवलं त्या हाताला मी न्हाय कसं म्हणू?"

पहिलं वर्षभर नुसती कणीक मळली आणि डाव्या हाताची थाप दिली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ताजी कणीक लावतात. ती किती ओली, किती जाड, यावर आवाजाचं वजन ठरतं. बुवा बोट लावून म्हणायचे, "पातळ झाली. पुन्हा मळा." उजव्या बाजूची शाई कायमची असते, डावी बाजू रोज नव्याने जुळवावी लागते. उघड्या पंजाची थाप पडायला खांदा सैल लागतो. सगळा दिवस लहान जागेत, मनगटाच्या टोकावर काम करणारा माझा खांदा पहिल्यांदा सैल झाला तो त्या ओसरीवर. दोन वर्षांत माझा डावा हात थिएटरातही वेगळा चालायला लागला. पूर्वी तो नुसता धरून ठेवायचा, आता तो काम करतो.

हाताची काळजी मात्र घ्या. बोटांना घट्टे पडले की स्पर्श मंदावतो, म्हणून मी आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त वाजवत नाही आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री वाजवतच नाही. भेगा पडलेल्या हाताने हात धुऊन निर्जंतुक होता येत नाही. थंडीत रात्री खोबरेल तेल लावा.

मंडळाबरोबर आषाढात लोणंदला जाते. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. दिवसा आम्ही पाय बघतो. फोड आलेले असतात. फोडाची कातडी सोलायची नाही, सुईने पाणी काढून वरची कातडी तशीच ठेवायची. ज्याला फोड दुखत नाही त्याची साखर तपासायची. दरवर्षी दोघा-तिघांना मधुमेह आहे हे तिथे पहिल्यांदा कळतं. संध्याकाळी भजनाला बसते. दुपारी ज्याचा पाय माझ्या मांडीवर होता तो माणूस संध्याकाळी मला सांगतो की ठेका ओढला. तंबूवर दवाखान्याचा फलक आम्ही लावत नाही.

दुसरा छंद पक्ष्यांचा, तो एकटीचा. हिवाळ्यात रविवारी सकाळी सहा ते आठ धोमच्या पाण्यावर. चक्रवाक येतात तेव्हा ऊसतोड सुरू झालेली असते, म्हणून दुर्बीण आणि प्रथमोपचाराची पेटी एकाच पिशवीत. जागा अशी निवडलीय की तिथे मोबाइलला रेंज आहे.

त्या दिवशी

२५ जानेवारी २००५. शाकंभरी पौर्णिमा, मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा. चेंगराचेंगरीत आणि आगीत तीनशेच्या आसपास माणसं गेली. डोंगरावरून गाड्या खाली यायला लागल्या तेव्हा कुणाला कुठे न्यायचं हे कुणालाच कळत नव्हतं. मी त्या दिवसाचं सगळं लिहिणार नाही. तुम्हाला उपयोगी पडेल तेवढंच सांगते.

ऑपरेशन फार थोड्यांना लागलं. गर्दीत छाती दाबली गेलेल्या माणसाला चाकू लागत नाही. श्वास, शिरेतून पाणी, आणि कुणाकडे आधी बघायचं याचा निर्णय, एवढंच असतं. तो निर्णय एकाच माणसाने दारात उभं राहून घ्यायचा आणि त्याने हातात काही धरायचं नाही. मी दारात उभी राहिले. आत सिस्टर, भूलतज्ज्ञ आणि गावातले फॅमिली डॉक्टर, ज्यांच्या दवाखान्यांत मी १९९४ साली जाऊन बसले होते. उचलायला आमचं भजनी मंडळ होतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बुवा स्वतः आले होते, सत्तरीच्या घरात, आणि आपलं माणूस शोधत फिरणाऱ्या बायकांना ते एकेक करून हात धरून बसवत होते. मी एका शब्दात सांगितलं की ते दोन शब्दांचं काम करत होते, कारण सात वर्षं आम्ही एकमेकांचा ठेका ऐकत होतो.

त्यानंतर आम्ही मंडळातल्या प्रत्येकाला स्ट्रेचर उचलायला, छाती दाबून हृदय चालू ठेवायला आणि रक्तस्रावावर दाब द्यायला शिकवलं. दर वर्षी मार्गशीर्षात, यात्रेच्या आधी, एका रविवारी उजळणी होते. एकशेवीसच्या वेगाने छाती दाबताना माणसं दमून हळू होतात. आमच्याकडे एक जण टाळ धरून वेग सांभाळतो.

एकादशीची तयारी

संध्याकाळी सहाला वॉर्डाची फेरी संपवा. कुणाची नाडी वाढतेय, कुणाचं पोट फुगतंय, हे सिस्टरना नावानिशी सांगून ठेवा, म्हणजे भजनातून उठवायचं का, हे त्यांना ठरवता येईल. फोन शेजारी बसणाऱ्या मुलाकडे द्या. माझा फोन बुवांच्या नातवाकडे असतो. तो बारावीला आहे आणि त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. फोन वाजला की तो ऐकतो, मला नुसतं "दवाखाना" म्हणतो, आणि मी पखवाज त्याच्या मांडीवर सरकवते. अभंग थांबत नाही.

मग ओट्यावर जाऊन हाताची कणीक नीट काढा, नखांच्या कडांची आधी. ती वाळली की ब्रशनेही निघत नाही. कोमट पाणी, साबण, आणि गाडीची किल्ली खिशात आधीच असू द्या. परत येता आलं तर गवळणींपर्यंत या. नाही आलं तर पखवाजाच्या तोंडावरची कणीक तो मुलगा काढून ठेवतो आणि सकाळी गाईला घालतो.